चिमूटभर तंबाखूचा इतिहास

अकबर बादशहाच्या कारकीर्दीच्या अखेरीस, इ. स. १६०४-०५ च्या सुमारास, असद बेग नावाचा एक मुत्सद्दी विजापूरच्या आदिलशाही दरबारातील कामगिरी आटोपून आग्र्यास परतला. बादशहाला नजर करण्यासाठी त्याने दक्षिणेतून जे जिन्नस आणले होते, त्यांत रत्नखचित हुक्का आणि थोडी तंबाखू हीही होती. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावर उतरविलेली ही वनस्पती तोपर्यंत दक्षिणेत रुळली होती; उत्तरेत मात्र ती नवलाची होती. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. राजवैद्य अस्वस्थ झाला. आपल्या ग्रंथांत जिचे नाव नाही, आपल्या शहाण्या माणसांनी जिची परीक्षा केलेली नाही, अशी वस्तू केवळ फिरंगी वापरतात म्हणून बादशहाने तोंडास लावू नये, असे त्याचे म्हणणे पडले. त्यावर असद बेगाने मोठा चतुर युक्तिवाद केला. जगातील प्रत्येक चाल कधीकाळी नवीच होती, चोपचिनीसारखे औषधही पूर्वीच्या वैद्यांस ठाऊक नव्हते, आणि एखाद्या पदार्थाचे सर्व गुण एकदम प्रकट होत नसतात, असा त्याचा मुद्दा. बादशहाने त्याच्या हजरजबाबीपणाचे कौतुक केले. तंबाखूचा नाद मात्र त्याने पुढे धरला नाही. दरबारातील उमराव अधिक उदार निघाले. त्यांनी असद बेगाजवळची तंबाखू मागून घेतली, आणि थोड्याच काळात व्यापारी ती विकू लागले.

असद बेगाचा तो शेवटचा मुद्दा अगदी खरा होता. तंबाखूचे सर्व गुण एकदम प्रकट झाले नाहीत. त्यांपैकी जो सर्वांत भयंकर, तो ओळखावयास आणखी सुमारे ३०० वर्षे जावी लागली, आणि तो निर्विवादपणे सिद्ध व्हावयास आणखी अर्धशतक लागले. जहांगिराने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली खरी, परंतु फर्मानांनी व्यसने थांबत असती तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

तंबाखू आली ती धुराच्या रूपाने. पण हिंदुस्थानात तिला एक तयार घर मिळाले. ते घर म्हणजे तांबूल. नागवेलीचे पान, सुपारी, चुना, कात, लवंग, वेलदोडा यांचा विडा या देशात कित्येक शतके चालत आला होता. संस्कृत ग्रंथकारांनी त्याला त्रयोदशगुणी म्हटले. पूजेत तो देवापुढे ठेवला जाई, लग्नकार्यात तो पाहुण्यांच्या हाती दिला जाई, दरबारात निरोपाची खूण म्हणून तो वाटला जाई, आणि कठीण मोहिमेवर निघणारा वीर तो पैजेने उचली. मराठी भाषेत विडा उचलणे याचा अर्थ अद्यापि तोच आहे. या प्रतिष्ठित मंडळीत तंबाखू मागच्या दाराने शिरली. देवाच्या विड्यात तिला आजही प्रवेश नाही. माणसाच्या विड्यात मात्र ती अशी मिसळून गेली की, पान खाणे आणि तंबाखू खाणे यांत फरक करणे पुढे वैद्यांनाही कठीण झाले.

जेथे पान महाग पडले तेथे तिने पानही टाकून दिले. बिहारात आणि पूर्व उत्तर प्रदेशात ती चुन्याबरोबर तळहातावर मळली जाऊन खैनी झाली. मैनपुरीत तिच्यात सुपारी, चुना, लवंग व कापूर मिसळले गेले. छत्तीसगडात आणि ओडिशात गुळाच्या काकवीत कालवून तिचे गुडाखू बनले. सौराष्ट्रात मावा आणि विदर्भात खर्रा ही तिचीच रूपे. महाराष्ट्रातील शेतकरी चंचीतून पान-तंबाखू काढी, तर घरातील बायका तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड दातांना लावीत. ही मशेरी. तिला कोणी व्यसन म्हणत नसे. ते दात घासणे होते. सकाळी एकदा लावावयाची मशेरी दिवसातून चार-पाच वेळा लागू लागली तरी तिचे नाव दंतमंजनच राहिले. दुपारची भूक मारण्यास, पहाटेची झोप उडविण्यास, लावणीच्या चिखलात कंबर मोडेपर्यंत वाकण्यास हिचा आधार वाटे. या आधाराचे मोल काय पडते, हे कळण्याचे साधन त्या कष्टकरी स्त्रीजवळ नव्हते. आणि ज्यांच्याजवळ होते, त्यांनी बराच काळ चौकशी केली नाही.

चौकशी न होण्यास एक कारण होते. कर्करोग हा सुधारलेल्या राष्ट्रांचा रोग असून हिंदुस्थानासारख्या देशात तो विरळ आढळतो, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकात दृढ होती. वस्तुतः सुश्रुतसंहितेत मुखरोगांचे ६५ प्रकार सांगितलेले असून त्यांत अर्बुदांचाही उल्लेख आहे. म्हणजे तोंडातील गाठी या देशाला नव्या नव्हत्या. परंतु रुग्णालये थोडी, रोगनिदान अपुरे आणि सरासरी आयुष्य अल्प, अशा स्थितीत नोंदच होत नसे. आणि ज्याची नोंद नाही ते अस्तित्वातच नाही, हा सरकारी दप्तराचा जुना न्याय येथेही लागू पडला.

या समजुतीला पहिला धक्का दक्षिणेकडून बसला. मद्रास येथील डॉ. निब्लॉक यांनी १९०२ साली हिंदुस्थानातील कर्करोगाविषयी लिहिले व गालाच्या आतील कर्करोगाकडे लक्ष वेधले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९०८ साली, दक्षिण त्रावणकोरातील नेय्यूर या लहानशा गावाचे नाव ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात झळकले. नेय्यूर येथे लंडन मिशनचे रुग्णालय होते. तेथील डॉ. फेल्स यांनी मुखकर्करोगावरील २०९ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि डॉ. बेंटॉल यांनी त्रावणकोरातील १७०० कर्करुग्णांचा गोषवारा दिला. ज्या रोगाला विरळ म्हणत, त्याचे १७०० रुग्ण एका खेडेवजा गावातील रुग्णालयाच्या दप्तरात निघावेत, ही गोष्ट सामान्य नव्हती.

नेय्यूरच्या डॉक्टरांना जे दिसले ते डोळ्यांनी दिसण्याजोगे होते. रुग्ण पान-तंबाखूचा तोबरा गालात धरून तासन् तास ठेवीत. कित्येक जण तो तसाच ठेवून रात्री झोपी जात. ज्या गालात तोबरा, त्याच गालात व्रण. उजव्या बाजूला धरणाऱ्याच्या उजवीकडे, डावीकडे धरणाऱ्याच्या डावीकडे. एव्हरेस्टवरील १९२२ व १९२४ च्या मोहिमांत भाग घेतलेले हॉवर्ड सॉमरवेल यांनीही याच रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून पुढे अनेक वर्षे काढली. त्यांचे सहकारी डॉ. ऑर यांनी १९३३ साली त्रावणकोरातील पान खाणाऱ्यांच्या मुखकर्करोगावर जो निबंध लिहिला, त्यात विड्यातील तंबाखूकडे स्पष्टपणे बोट दाखविले. तथापि त्या काळी कोणी चुन्याला दोष देई, कोणी किडलेल्या दातांना, कोणी निकृष्ट आहाराला. सततच्या दाहाने कर्करोग होतो, एवढेच सर्वमान्य होते. दाह कशाचा, यावर एकमत नव्हते. मध्यंतरी लाहोरच्या विश्वनाथ व ग्रेवाल या संशोधकांनी निरनिराळ्या रुग्णालयांची दप्तरे तपासून कर्करोग या देशात मुळीच विरळ नाही, हे १९३५ पासूनच्या आपल्या निबंधांतून दाखवून दिले होते.

यापुढचा अध्याय मुंबईत घडला. मेहरबाई टाटा यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने अंत झाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी हेही निवर्तले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर हे विकृतिशास्त्राचे अध्यापक. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. प्रेताच्या व पेशींच्या परीक्षणात आयुष्य घालविणाऱ्या या माणसाची खरी जिज्ञासा मात्र जिवंत माणसाच्या राहणीविषयी होती. रुग्ण कोठला, कोणत्या समाजातला, काय खातो, काय ओढतो, कसे नेसतो, या प्रश्नांची उत्तरे सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीइतकीच महत्त्वाची आहेत, असे त्यांनी मानले. मुंबई हे या दृष्टीने अपूर्व क्षेत्र होते. देशातील सर्व प्रांतांचे लोक येथे एकाच हवेत आणि एकाच पाण्यावर राहत, पण चाली आपापल्या पाळीत. निसर्गाने जणू प्रयोगच मांडून ठेवला होता.

१९४४ साली खानोलकरांनी मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचे विवेचन प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी सूर्याबाई यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा निबंध तर या विषयातील एक लहानसे रत्न म्हणावे लागेल. त्यात त्यांनी चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. पहिला खैनीचा. खैनी खाणारा चिमूट खालच्या ओठामागे, हिरडीच्या खाचेत ठेवतो, आणि त्याचा कर्करोग नेमका तेथेच, खालच्या ओठावर उद्भवतो. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर, विशेषतः स्त्रियांत, चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची विलक्षण चाल आहे. या लोकांचा कर्करोग टाळूवर होतो. जेथे इतरांस तो क्वचितच होतो. तिसऱ्याचा तंबाखूशी काही संबंध नाही. धोतर कमरेला घट्ट आवळून नेसल्याने वर्षानुवर्षे जेथे काच पडतो, तेथे त्वचेवर उठणारा हा कर्करोग. हा तिसरा दाखला घेण्यात खानोलकरांची मार्मिकता दिसते. त्या एकाच निबंधात ओठ, टाळू आणि कंबर ही तीन स्थळे शेजारी मांडली की रोगाचे स्थान सवयीच्या स्थानामागून जाते, हे सांगावयास वेगळा वाक्प्रपंच लागत नाही.

तरीही शास्त्राच्या न्यायासनापुढे एवढा पुरावा पुरत नाही. कर्करुग्णांपैकी पुष्कळ जण तंबाखू खाणारे निघाले, तरी त्या प्रांतात सगळेच तंबाखू खात असतील तर त्यावरून काय सिद्ध होणार? रुग्णांची तुलना त्यांच्याच सारख्या निरोगी किंवा अन्य रोगांच्या माणसांशी केली पाहिजे. १९५० साली डॉल व हिल यांनी लंडनमध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध याच रीतीने दाखविला होता. मुंबईत संघवी, राव व खानोलकर यांनी ती रीत अवलंबून १९५५ साली आपले निष्कर्ष मांडले. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या पुढील भागाचा कर्करोग अधिक आणि बिडी ओढणाऱ्यांत घशाकडील भागाचा अधिक, असे स्पष्ट विभाजन त्यांना आढळले. एकच वनस्पती, पण चघळणाऱ्यास एका ठिकाणी आणि ओढणाऱ्यास दुसऱ्या ठिकाणी तिने गाठले. आग्र्याचे डॉ. वाही यांनी मैनपुरी जिल्ह्यात याच विषयाचा पाठपुरावा केला. त्यांचा वृत्तांत जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केला.

आतापर्यंत रोग रुग्णालयात मोजला जात होता. रुग्णालयात येतो तो रोगाचा शेवट. त्याचा आरंभ खेड्यात असतो. म्हणून १९६६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे डॉ. पिंडबोर्ग यांनी आपला मोर्चा खेड्यांकडे वळविला. एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम व दरभंगा या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे त्यांच्या पथकांनी घरोघर जाऊन तपासली. जिल्हे निवडले होते ते सवयींवरून: एका ठिकाणी विडा, दुसरीकडे उलटा चुट्टा, तिसरीकडे बिडी, बाकी दोहोंकडे खैनी. त्यानंतर पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून १,०१,७६१ माणसांची तपासणी झाली. परक्या माणसाने दारात येऊन तोंड उघडावयास सांगणे, त्यातही स्त्रियांना सांगणे, हे त्या काळी किती अवघड असेल याची कल्पना ज्याने खेड्यात शिरगणतीचे काम केले आहे त्यालाच येईल.

या पाहण्यांचे फळ मोठे मिळाले. कर्करोग अचानक उद्भवत नाही; त्याआधी कित्येक वर्षे गालाच्या अस्तरावर पांढरा, न पुसला जाणारा चट्टा किंवा तांबडा डाग दिसतो. हे चट्टे आणि पुढचा कर्करोग जवळजवळ केवळ तंबाखूचे सेवन करणाऱ्यांतच आढळले. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: तंबाखू सोडली तर चट्टा थांबतो काय? याचे उत्तर मिळविण्यासाठी तीन जिल्ह्यांतील ३६,००० हून अधिक तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समोरासमोर बसवून, चित्रफिती व भित्तिपत्रके दाखवून सोडण्याचा सल्ला दिला गेला, आणि वर्षानुवर्षे त्यांच्यामागे लागून त्यांची तोंडे पुन्हा पुन्हा पाहिली गेली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्यांनी सोडली किंवा कमी केली त्यांच्यात नव्या चट्ट्यांचे प्रमाण घटलेले दिसले.

तंबाखू नेमके काय करते, हेही याच सुमारास उलगडत गेले. पान वाळविताना व मुरविताना त्यातील निकोटिन आणि तत्सदृश द्रव्यांपासून नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. ती पेशीतील आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. चुन्याने तोंडातील लाळ क्षारयुक्त होते, त्यामुळे निकोटिन झपाट्याने रक्तात उतरते व तलफ पक्की बसते. मळणारा अंगठ्याने चुना अधिक घोळतो तो जीव सुखावण्यासाठी, आणि त्यात त्याचा फासही घट्ट होत जातो. ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्ककारक असल्याचा निर्वाळा १९८५ साली दिला. त्या वेळी नुसत्या सुपारीबद्दल पुरावा अपुरा होता. २००४ च्या प्रबंधात मात्र सुपारीही त्याच यादीत दाखल झाली. आपली सुपारी तंबाखूविरहित आहे, म्हणून निर्धास्त असणाऱ्यांचा आधार त्या दिवशी सुटला.

सुपारीचा इतिहास थोडा निराळा आणि अधिक करुण आहे. १९५२ साली केनियातील पाच हिंदी स्त्रियांच्या तोंडात एक चमत्कारिक विकार आढळल्याची नोंद झाली; गालाचे अस्तर पांढरे, ताठ व चामड्यासारखे झालेले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन करून त्याला नाव दिले. अस्तराखाली तंतू माजतात, गाल आखडतात, आणि जबडा उघडेनासा होतो. तिखट सोसत नाही, भाकरीचा घास आत जात नाही. यातून कर्करोग उद्भवू शकतो, हे परळच्या डॉ. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये निदर्शनास आणले. त्या काळी हा विकार तसा अपवादात्मक होता. तो घरोघर पोचविण्याचे काम कारखान्याने केले.

पान ही नाशवंत वस्तू. ते लावावयास पानवाला लागतो, खावयास थोडी सवड लागते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सुपारी, कात, चुना व सुगंध यांचे कोरडे मिश्रण डब्यातून विकले जाऊ लागले. नंतर त्यात तंबाखू पडून गुटखा झाला, आणि नवव्या दशकात तो चिमुकल्या पुडीतून नाक्यानाक्यावर लोंबू लागला. पुडीची किंमत चार-आठ आण्यांची. शाळेच्या दप्तरात ती मावे, तोंडास वासही सुगंधी येई. विड्याची सारी प्रतिष्ठा पुडीने घेतली, विड्याचे पान मात्र टाकून दिले. तबकातील विडा वडीलधाऱ्यांसमोर खाण्याचा संकोच असे. पुडीला असा कसलाच धाक उरला नाही. पूर्वी उतारवयात दिसणारा जबडा आखडण्याचा विकार विशीतल्या मुलांत दिसू लागला.

शासनाच्या हालचाली सुरू झाल्या, पण त्या सरळ रेषेत झाल्या नाहीत. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली, कारण तसा अधिकार त्या कायद्याखाली राज्याकडे नव्हता. केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा २००३ मध्ये संमत झाला. प्लॅस्टिकच्या पुड्या न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून बंद झाल्या. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा विनियमांनी अन्नपदार्थात तंबाखू व निकोटिन मिसळण्यास मनाई केली. त्याचा आधार घेऊन मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये, आणि महाराष्ट्राने जुलैमध्ये गुटखा बंद केला. इतर राज्ये मागोमाग आली. व्यापाराने त्यावर काढलेली तोड साधी होती: मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत. दुकानदार दोन्ही पुड्या हातावर ठेवतो; मिसळण्याचे काम गिऱ्हाईक करते.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. निपाणीच्या परिसरात किंवा गुजरातेतील चरोतरात तंबाखू हे शेतकऱ्याचे नगदी पीक आहे. १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले होते आणि त्यांच्यावर गोळीबार झाला होता. ज्याच्या घरात या पिकावर मुलीचे लग्न होते, त्याला परळच्या वॉर्डातील दृश्य सांगून त्याचे समाधान होणार नाही. पर्यायी पिकाचा भाव सांगावा लागेल, आणि तो द्यावाही लागेल.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी २१.४ टक्के, म्हणजे सुमारे २० कोटी माणसे, धूरविरहित तंबाखू घेत होती. सात वर्षांपूर्वी हे प्रमाण २५.९ टक्के होते. म्हणजे उतार आहे, पण मंद. महाराष्ट्रात ओढणारे ४ टक्क्यांहूनही कमी, आणि खाणारे-लावणारे सुमारे २४ टक्के. ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे २०२२ सालातील भारतीय रुग्ण सुमारे १ लाख ४३ हजार असल्याचा अंदाज आहे. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली, आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली पहिली ग्रामीण नोंदवही. अशा नोंदींच्या आधारावरच हे अंदाज उभे राहतात. नोंद नाही म्हणून रोग नाही, असे म्हणण्याचा काळ त्यामुळे संपला.

या रोगातील सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, तो उघड्या डोळ्यांना दिसतो. यकृताचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग आत दडलेला असतो. गालाचा चट्टा आरशात दिसतो. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही; येतो तेव्हा जबडा काढावा लागतो. याच मुद्द्यावर त्रिवेंद्रम जिल्ह्यात १९९६ पासून एक प्रयोग झाला. १३ पंचायतींतील ३५ वर्षांवरील १,९१,८७३ माणसे त्यात होती. निम्म्या गावांत प्रशिक्षित कार्यकर्ते ठरावीक वर्षांनी घरोघर जाऊन तोंडे तपासीत. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, साधे पदवीधर होते. दिवसाच्या उजेडात किंवा विजेरीच्या झोतात ओठ, हिरड्या, गाल, जीभ व टाळू पाहावयाची, बोटाने चाचपावयाची, आणि संशय आल्यास डॉक्टरकडे पाठवावयाचे, इतकेच त्यांचे काम. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत, तपासणी झालेल्या गावांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी भरले. या दोहोंपैकी काहीच न घेणाऱ्यांत असा फरक दिसून आला नाही.